कोकण किनाऱ्यासाठी वादळी फुगवट्याचं पहिलं मॉडेल कसं बांधावं

3 जून 2020 ची दुपार रायगडकर विसरणार नाहीत. साडेबारा ते अडीचच्या दरम्यान अलिबागच्या दक्षिणेला 'निसर्ग' चक्रीवादळ किनाऱ्यावर चढलं आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंतच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या करून गेलं. वाऱ्याने जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. पाण्याने जे केलं नाही, त्याबद्दल फारसं कोणी बोललं नाही. पौर्णिमा दोन दिवसांवर होती, म्हणजे दिवस उधाणाचे, मोठ्या भरतीचे होते. पण वादळ टेकलं तेव्हा सकाळची भरती होऊन गेली होती आणि पाणी ओसरत होतं. हेच वादळ तीन तास आधी आलं असतं तर?

या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देता यावं, यासाठी हा लेख आहे. इंजिनिअरिंग, भूगोल किंवा भौतिकशास्त्र शिकणाऱ्या, थोडं पायथॉन येणाऱ्या आणि आपल्या किनाऱ्यासाठी काही करावंसं वाटणाऱ्या माणसासाठी तो लिहिला आहे. वादळात समुद्राची पातळी नेहमीच्या भरती-ओहोटीच्या वर जितकी चढते, तिला इंग्रजीत स्टॉर्म सर्ज म्हणतात. मी त्याला फुगवटा म्हणणार आहे. 'वादळी लाट' हा शब्द वर्तमानपत्रांत येतो, पण तो फसवा आहे. लाट काही सेकंदांत येते आणि फुटते. फुगवटा तासन् तास टिकतो आणि त्याच्या पाठीवर बसून लाटा आत येतात.

सुरुवात संगणकाने करू नका

आधी पंचांग घ्या. मुंबईच्या आसपास भरतीची वेळ काढायची जुनी रीत कोळीवाड्यात अजून चालते. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण मॉडेलने दिलेलं उत्तर वेड्यासारखं आहे का, हे ओळखायला एवढं पुरतं. भरतीची लाट आपल्या किनाऱ्याने दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे मालवण-रत्नागिरीला भरती मुंबईच्या आधी लागते.

आता कोकणातली वादळं या पंचांगावर ठेवून बघा. फयान 11 नोव्हेंबर 2009 ला आलं. पौर्णिमा होऊन नऊ दिवस झाले होते, म्हणजे भांगाचे, लहान भरतीचे दिवस. तौक्ते 16-17 मे 2021 ला किनाऱ्याला समांतर वर सरकलं. अक्षय्य तृतीया 14 मेची, म्हणजे अमावास्येचं उधाण उतरणीला लागलेलं. निसर्ग उधाणात आलं पण ओहोटीवर. उलट क्यार हे सुपर सायक्लोन ऑक्टोबर 2019 मध्ये किनाऱ्यावर आलंच नाही. ते पश्चिमेकडे निघून चाललं होतं, तरी देवबागसारख्या गावांत समुद्राचं पाणी शिरलं. तेव्हा दिवाळीची अमावास्या होती.

वादळाचा जोर एकीकडे, तिथी आणि तास दुसरीकडे. बंगालच्या उपसागरावर लिहिलेले धडे वाचून आलेला विद्यार्थी सगळं लक्ष जोरावर ठेवतो. उत्तर कोकणात ते चालत नाही. उधाणाच्या दिवसांत मुंबईला भरती आणि ओहोटीतला फरक चार मीटरांच्या आसपास असतो आणि इथे येणारा फुगवटा बहुतेक वेळा त्याहून बराच कमी असतो. मालवणला हा फरक मुंबईच्या निम्म्याच्या आसपास, म्हणून तिथे तासाचं महत्त्व थोडं कमी आणि लाटांचं जास्त.

कागदावर पहिला हिशेब

फुगवटा मुख्यत्वे दोन कारणांनी येतो. पहिलं, वादळाच्या मध्यभागी हवेचा दाब कमी असतो आणि तिथे पाणी वर उचललं जातं. एक हेक्टोपास्कल कमी झाला की साधारण एक सेंटिमीटर. निसर्गच्या केंद्रातला दाब 984 हेक्टोपास्कलपर्यंत उतरला होता. बाहेरचा दाब 1004 धरला तर झाले वीस सेंटिमीटर. बस, एवढंच.

दुसरं कारण वारा आणि खरा मामला तिथेच आहे. पाण्यावर वाऱ्याची ओढ म्हणजे हवेची घनता गुणिले घर्षणांक गुणिले वेगाचा वर्ग. वेग सेकंदाला 30 मीटर, म्हणजे ताशी 108 किलोमीटर घ्या. घनता 1.15 आणि घर्षणांक 0.002 धरा. ओढ येते दर चौरस मीटरला सुमारे 2 न्यूटन. या ओढीने पाण्याचा पृष्ठभाग किनाऱ्याकडे चढता होतो. किती चढता, ते काढायला ओढीला पाण्याची घनता, गुरुत्व आणि खोली यांच्या गुणाकाराने भागा. खोली 20 मीटर असेल तर उत्तर येतं किलोमीटरमागे एक सेंटिमीटर. 80 मीटर खोल पाण्यात तोच वारा किलोमीटरमागे पाव सेंटिमीटर चढवतो, 10 मीटर पाण्यात दोन सेंटिमीटर.

हा भागाकार स्वतःच्या हाताने करा, कारण पुढचं सगळं त्यातून समजतं. उथळ पाणी जितकं लांबवर पसरलेलं, तितका फुगवटा मोठा. मुंबईसमोर समुद्रबूड जमीन, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ तळ, सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे आणि दक्षिणेकडे ती अरुंद होत जाते. सारखंच वादळ वसईवर आणि वेंगुर्ल्यावर आणून सोडलं तर वसईला पाणी जास्त चढेल. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, हेही इथेच दिसतं. म्हणून वाऱ्यातली दहा टक्के चूक फुगवट्यात वीस टक्के होऊन बाहेर पडते.

20 मीटर खोलीच्या 50 किलोमीटर पट्ट्यावर सरळ किनाऱ्याकडे वारा वाहिला तर अर्धा मीटर. त्यात दाबाचे वीस सेंटिमीटर आणि अगदी किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याची भर घाला. म्हणजे मीटरच्या आसपास. तुमचं मॉडेल अशा वादळाला चार मीटर दाखवू लागलं तर आनंदून जाऊ नका. चूक शोधा.

वारा कुठल्या बाजूने

आपल्या गोलार्धात चक्रीवादळात वारा घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरतो. वादळ अरबी समुद्रातून येऊन कोकणावर चढलं, तर केंद्राच्या दक्षिणेला वारा समुद्राकडून जमिनीकडे आणि उत्तरेला जमिनीकडून समुद्राकडे. निसर्गच्या वेळी मुंबई केंद्राच्या उत्तरेला राहिली. त्यामुळे धोका दक्षिणेच्या बाजूला, म्हणजे श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बाणकोटच्या खाडीकडे. वादळ येणार म्हटल्यावर सगळ्यांची नजर मुंबईकडे जाते. तुम्ही मात्र केंद्र कुठे टेकणार ते बघा आणि तिथून दक्षिणेची पन्नास-साठ किलोमीटरची किनारपट्टी आधी तपासा.

तौक्तेसारखं वादळ किनाऱ्याला समांतर वर जातं, तेव्हा आपल्याकडे वारा बराच वेळ दक्षिणेकडून, किनाऱ्याच्या कडेने वाहतो. नवशिक्याला वाटतं, हा वारा जमिनीकडे येत नाही, मग पाणी कशाने चढेल? पृथ्वीच्या फिरण्यामुळे असं वाहणारं पाणी उजवीकडे वळतं आणि उत्तरेकडे तोंड केलं की आपली जमीन उजवीकडेच आहे. म्हणून समीकरणातली कोरिऑलिसची संज्ञा 'लहान आहे' म्हणून गाळू नका.

तळ आणि जमीन

आता संगणक सुरू करा. या कामासाठी अनेक मॉडेल आहेत. एडसर्क हे त्रिकोणांच्या जाळीवर, म्हणजे समुद्राचे त्रिकोणी तुकडे पाडून चालणारं मॉडेल हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती केंद्रामध्ये फुगवट्याच्या पूर्वसूचनेसाठी वापरतात. नेदरलँड्समधलं डेल्फ्ट-थ्रीडी शिकायला सोपं आणि त्याचा सोर्स कोड खुला. सगळी मुळात उथळ पाण्याची तीच समीकरणं सोडवतात, तेव्हा कुठलं घ्यावं यात महिना घालवू नका. ज्यात मदत करणारा माणूस जवळ मिळेल ते घ्या.

महिना घालवायचाच असेल तर तळाच्या खोलीवर घालवा. गेब्कोची जागतिक खोलीची जाळी फुकट मिळते आणि खोल समुद्रासाठी ती चांगली आहे. पण किनाऱ्यालगतच्या दहा-पंधरा मीटर पाण्यात आणि खाड्यांत तिच्यावर विसंबू नका. तिथे डेहराडूनच्या नौदल जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे लागतात. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो, तो कुठल्याच नकाशात नसतो. तो होडीवाल्या तांडेलाला विचारावा. तो खोली वावांत सांगेल. एक वाव म्हणजे सहा फूट, 1.83 मीटर. कर्लीच्या मुखाशी, दाभोळला, जैतापूरला अशी चौकशी करून काढलेली खोली जागतिक जाळीतल्या आकड्यापेक्षा मला जास्त भरवशाची वाटते.

जमिनीच्या उंचीत कोकणाचा खास घोळ आहे. उपग्रहावरून काढलेली एसआरटीएमसारखी उंची झाडांचे शेंडे बऱ्याच अंशी जमीन समजते. आपल्या किनाऱ्यालगत तर सगळ्या वाड्याच. नारळाच्या दाट बागेखाली दोन मीटर उंचीवर असलेलं घर मॉडेलला टेकडीवर बसलेलं दिसतं आणि तिथे पाणी कधीच शिरत नाही. दुसरी अडचण खारभूमीच्या, म्हणजे खारं पाणी अडवून शेतीखाली आणलेल्या जमिनीच्या, बांधांची. पेण-अलिबागकडे शेती या बांधांच्या भरवशावर उभी आहे. पण दोन-तीन मीटर रुंदीचा बांध तीस मीटरच्या चौकोनात दिसेनासा होतो आणि मॉडेल सगळं शेत बुडवून टाकतं. असे बांध जाळीत वेगळ्या रेषा म्हणून, त्यांच्या माथ्याच्या उंचीसकट घालावे लागतात. ती उंची गावात जाऊन मोजा आणि कुठे खांड पडली आहे का तेही विचारा. खांड पडलेला बांध मॉडेलमध्ये शाबूत दाखवणं ही गंभीर चूक आहे, कारण त्या बांधामागे माणसं झोपलेली असतात.

शून्य कुठलं

भरतीच्या तक्त्यात मुंबईला '4.8 मीटर' लिहिलेलं असतं. हे कशाच्या वर? चार्ट डेटमच्या, म्हणजे जवळजवळ सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीच्या. जमिनीच्या नकाशातली उंची मात्र सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात. मुंबईला सरासरी पातळी चार्ट डेटमच्या 2.51 मीटर वर आहे. म्हणजे 4.8 ची भरती जमिनीच्या हिशेबात फक्त 2.29 मीटरची. हे दोन शून्य मिसळले तर मॉडेल अर्धा तालुका बुडवतं किंवा बुडणारं गाव कोरडं ठेवतं. प्रत्येक बंदराचा हा फरक वेगळा असतो. मुंबईचा आकडा रत्नागिरीला लावू नका. प्रत्येक फाइलच्या नावातच शून्य कुठलं ते लिहून ठेवण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

शून्य वेळेचंही असतं. वादळाच्या मार्गाची आकडेवारी ग्रिनिच वेळेत येते, भरतीचा तक्ता आपल्या वेळेत. फरक साडेपाच तासांचा. भरतीपासून ओहोटीपर्यंत सव्वासहा तास लागतात. म्हणजे ही एक चूक भरतीची जवळजवळ ओहोटी करते. माझ्याकडून सुरुवातीला ती झाली होती. आलेख इतका सुबक दिसत होता की दोन आठवडे शंकाही आली नाही. शेवटी वर दिलेल्या तिथीच्या पाऊणपटीने ती पकडली.

आधी वादळाशिवाय

जाळी तयार झाली की लगेच वादळ सोडू नका. फक्त भरती-ओहोटी चालवा. समुद्राकडच्या सीमेवर टीपीएक्सओ किंवा एफईएस या जागतिक भरती-मॉडेलमधून घटक द्या: चंद्राचा 12.42 तासांचा एम-टू, सूर्याचा 12 तासांचा एस-टू आणि दिवसातून एकदा येणारे के-वन, ओ-वन हे तरी हवेतच. ही सीमा किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्यात ठेवा. जवळ ठेवली तर वादळाने चढवलेलं पाणी तिथे अडतं आणि उत्तर बिघडतं. महिनाभराची भरती चालवून पहिले काही दिवस टाकून द्या, म्हणजे एक उधाण आणि एक भांग दोन्ही तपासता येतात.

जाळीचे त्रिकोण खोल समुद्रात दहा-वीस किलोमीटरचे चालतात, खाडीच्या मुखाशी शंभर मीटरचे किंवा त्याहून लहान हवेत. 20 मीटर खोलीत लांब लाटेचा वेग सेकंदाला 14 मीटर असतो, म्हणजे शंभर मीटरचा त्रिकोण ती सात सेकंदांत ओलांडते. गणिताचा टप्पा त्याहून लहान ठेवा, नाहीतर मॉडेल फुटतं. तळाच्या घर्षणासाठी मॅनिंगचा अंक समुद्रात 0.02 ते 0.025 आणि कांदळवनात त्याच्या कितीतरी पट.

पडताळणीला तासाची किंवा मिनिटांची नोंद लागते. मुंबईत अपोलो बंदराची समुद्रपातळीची नोंद 1878 पासून मिळते, पण जागतिक संग्रहातून सहज हाती येते ती महिन्याच्या सरासरीची. समुद्र हळूहळू किती चढतो आहे हे बघायला ती अनमोल आहे, फुगवट्यासाठी तिचा काही उपयोग नाही. भरतीच जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. खोली आणि घर्षण पुन्हा तपासा.

मग वादळ

मार्ग, दाब आणि वारा हवामान खात्याच्या नोंदींतून घ्या. खातं तीन मिनिटांची सरासरी देतं, अमेरिकी केंद्रं एका मिनिटाची आणि बऱ्याच मॉडेलना दहा मिनिटांची लागते. रूपांतर न करता आकडे भरले तर वारा आणि त्याच्या वर्गाने फुगवटाही चुकतो. केंद्रापासून बाहेर वारा कसा उतरतो ते हॉलंड नावाच्या शास्त्रज्ञाच्या 1980 च्या सूत्राने काढतात. त्यात सर्वाधिक वाऱ्याची त्रिज्या, म्हणजे केंद्रापासून किती अंतरावर वारा सर्वांत जोराचा असतो, हा सर्वांत अवघड आकडा आहे. निरनिराळ्या त्रिज्या घालून बघा, फुगवटा कुठे पोचतो ते बदललेलं दिसेल. इरा-फाइव्हसारख्या पुनर्विश्लेषणातला, म्हणजे जुन्या नोंदी आणि मॉडेल जुळवून पुन्हा उभ्या केलेल्या हवामानातला वारा बाहेरच्या भागाला चांगला. पण त्याची जाळी पाव अंशाची, त्यामुळे वादळाच्या गाभ्यातला जोर त्यात मंदावतो. गाभा सूत्रातून आणि बाहेरचा भाग तिथून, असं जोडलेलं बरं.

क्यारसारख्या प्रसंगात मात्र हे सगळं करूनही घरात पाणी शिरलेलं दिसणार नाही, कारण तिथे काम केलं लांबून आलेल्या लाटांनी. त्यासाठी स्वॅनसारखं लाटांचं मॉडेल जोडावं लागतं. लाटा फुटताना किनाऱ्याशी पातळी आणखी चढते. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामधल्या देवबागच्या चिंचोळ्या पट्टीवर ही चढ निर्णायक ठरते.

नद्याही विसरू नका. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, तेव्हा आषाढी एकादशी होऊन दोन दिवस झाले होते, उधाण जवळ होतं. वरून प्रचंड पाऊस, खालून वाशिष्ठीत चढणारी भरती. तिथे वादळ नव्हतं, पण मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये वादळाबरोबर पाऊस आला तर सावित्रीत, वाशिष्ठीत, शास्त्रीत हेच होऊ शकतं. पहिल्या मॉडेलमध्ये हे घालू नका. दुसऱ्यात नक्की घाला.

अंदाज म्हणजे एक रेघ नव्हे

होऊन गेलेलं वादळ जुळलं की मन अंदाजाकडे धावतं. इथे एक गोष्ट मनात पक्की ठेवा. वादळाच्या 24 तास आधी दिलेल्या मार्गातली सरासरी चूक अलीकडे 70-80 किलोमीटरच्या आसपास आहे. ही मोठी प्रगती आहे. तरी अलिबाग ते श्रीवर्धन हे सरळ रेषेतलं अंतर जवळपास तितकंच आहे. म्हणजे आदल्या दिवशी कोणत्या गावाला समुद्राचा वारा लागणार आणि कोणत्या गावाला जमिनीचा, हे ठामपणे सांगता येत नाही.

म्हणून एक मार्ग चालवू नका. अंदाजाचा मार्ग, तो 40 आणि 80 किलोमीटर उत्तरेला सरकवलेला, तसाच दक्षिणेला सरकवलेला, असे पाच घ्या. प्रत्येकासाठी वादळ तीन तास आधी, वेळेवर आणि तीन तास उशिरा आणा. झाले पंधरा. ताकद कमीजास्त करायची असेल तर आणखी. मग प्रत्येक गावासाठी एकच प्रश्न विचारा: पंधरापैकी किती वेळा पाणी बांधाच्या माथ्यावर गेलं? निसर्गचं 'तीन तास आधी' चालवून बघाल तेव्हा रायगडातल्या कोणत्या खाडीला नशिबाने वाचवलं ते कळेल.

उत्तर सांगताना 'फुगवटा 0.9 मीटर' असं सांगून थांबू नका. तो आकडा भरतीच्या वरचा की सरासरी पातळीच्या वरचा, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. 'जेटीच्या वरच्या पायरीवर गुडघाभर पाणी, दुपारी अकरा ते एक' असं सांगितलं की होडी कुठे ओढायची ते कोळ्याला लगेच समजतं. आणि खरं वादळ समोर असताना तुमचा नकाशा गावच्या व्हॉट्सॲप गटांत टाकू नका. इशारा हवामान खातं आणि इन्कॉइस देतात, तो जिल्हा प्रशासनामार्फत येतो. दोन वेगळे आकडे फिरले की माणसं घर सोडायला उशीर करतात. तुमचं मॉडेल आधीच्या तयारीसाठी आहे: कुठला बांध उचलायचा, कुठली शाळा आसऱ्याला सुरक्षित, कुठला रस्ता पाण्याखाली जातो.

वादळ गेल्यावरचं काम

वाऱ्याने तुटलेलं मोजायला बरेच लोक येतात. पाणी कुठवर चढलं हे मोजायला बहुधा कोणी येत नाही आणि म्हणून आपल्या मॉडेलना पडताळायला जागा मिळत नाही. भिंतीवरची ओल, कुंपणाला अडकलेला काटक्या-शेवाळाचा पट्टा, विहिरीच्या कठड्यावरची चिखलाची रेघ ही खरी नोंद आहे. जूनचं वादळ असेल तर पुढच्या चार-सहा दिवसांत पाऊस ती धुऊन नेतो. खडू, टेप, फोनमधलं जीपीएस आणि शक्य असेल तर उंची मोजायचं लेव्हल यंत्र घेऊन लगेच निघा. भिंतीवर खूण करा, तिची उंची जवळच्या पक्क्या जागेपासून मोजा: देवळाची पायरी, जेटीचा कठडा, सर्व्हे ऑफ इंडियाचा बेंचमार्क. पाणी किती वाजता सर्वांत वर होतं ते घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांना विचारा. ती ओल फुगवट्याची, लाटेच्या शिंतोड्याची की पन्हाळीतून गळलेल्या पावसाची, हेही तिथेच विचारून फोटोच्या मागे लिहा. दहा घरांची अशी नोंद झाली की पुढच्या वादळाआधी तुमच्या जाळीतल्या त्या खाडीला तपासायला दहा खरे आकडे असतील.